बंडूचे दोन गुडघे

आमच्या बंडूच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, हे ठरवायला मला एकोणीस दिवस लागले. त्या दिवसांत मी भेटेल त्याला विचारत होते. डॉक्टर त्यांच्या भाषेत सांगायचे. नातेवाईक म्हणायचे, "कुत्रंच तर आहे." आणि कुत्री पाळणाऱ्यांकडे दोनच उत्तरं असायची: "आमचा तर धावायला लागला" नाहीतर "चुकूनही करू नका." मधलं कोणी सांगत नव्हतं. ते दिवस कसे जातात, घरात काय काय होतं, आपण कुठे चुकतो, हे मला कोणाकडून तरी ऐकायचं होतं. ते मिळालं नाही, म्हणून आता मीच लिहिते आहे.

मी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये कारकून आहे. वडील साताऱ्याहून फिटर म्हणून भोपाळला आले, मी इथल्या टाउनशिपमध्येच वाढले आणि नोकरीही इथेच लागली. माझे यजमान श्रीकांत उज्जैनचे, एका शाळेत गणित शिकवतात. मुलगी मुक्ता बंगलोरला असते. बारावीत असताना तिने बंडूला घरी आणलं तेव्हा तो तिच्या दप्तरात मावला होता. त्याची आई लॅब्राडोर. बाप कोण ते ठाऊक नाही, पण धिप्पाड असणार, कारण दीड वर्षात बंडू बेचाळीस किलोंचा झाला. माझी आई शेवटची चार वर्षं आमच्याकडे होती. ती त्याला बंडोपंत म्हणायची आणि अहोजाहो करायची. "बंडोपंत, जरा सरका, मला टीव्ही दिसत नाही." आणि तो सरकायचा.

उजवा पाय

बंडू नऊ वर्षांचा होता. फेब्रुवारीतली सकाळ. क्लबच्या मागच्या मैदानात मी त्याला मोकळं सोडलं होतं. झुडपातून मुंगूस निघालं, बंडू त्याच्यामागे सुटला, मुंगसाने दिशा बदलली आणि बंडूनेही वळायचा प्रयत्न केला. मग एक आवाज आला. नऊ वर्षांत त्याच्या तोंडून तसा आवाज मी ऐकला नव्हता. मी पोचले तेव्हा तो तीन पायांवर उभा होता. मागच्या उजव्या पायाची फक्त बोटं टेकवत होता, जमीन तापलेली असावी तशी.

आमचं क्वार्टर पहिल्या मजल्यावर. श्रीकांतने पुढून धरलं, मी मागून, मध्ये दोनदा थांबलो.

आनंद नगरच्या डॉक्टरांनी तपासून इंजेक्शन दिलं. "मोच लगती है. दस दिन आराम. नहीं सुधरा तो एक्स-रे करवा लीजिए." दहा दिवसांत तो सुधारला. आम्ही खूश. अकराव्या दिवशी तो दिवाणावरून उतरला, अगदी सावकाश उतरला, आणि पाय पुन्हा वर घेऊन उभा राहिला. या वेळी ओरडला नाही. आमच्याकडे बघत राहिला.

मग आम्ही कोलार रोडवरच्या एका दवाखान्यात गेलो. डॉ. निगम म्हणून तिशीतल्या बाई आहेत. त्यांनी बंडूला गुंगीचं औषध दिलं, टेबलावर आडवं केलं, एका हाताने मांडी धरली, दुसऱ्याने नडगी. मला म्हणाल्या, "इधर आकर देखिए." नडगीचं हाड टेबलाच्या खणासारखं पुढे सरकत होतं आणि मागे जात होतं.

"ऐसा नहीं होना चाहिए," त्या म्हणाल्या. "अंदर जो लिगामेंट इसको रोकता है, वो टूट गया है."

मला एक्स-रेची गरज उरली नव्हती. स्टोअर्समध्ये आमच्याकडे असे कितीतरी खण आहेत, अडकण मोडलेले.

त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, गोळ्या, आराम, वजन उतरवणं. लहान कुत्र्यांचं त्याने पुष्कळदा भागतं, एवढ्या मोठ्या कुत्र्याचं बहुधा अर्धवट भागतं. दुसरा, नडगीचं हाड वरून कापून थोडं फिरवायचं आणि प्लेट बसवायची. त्यासाठी इंदूरहून सर्जन येतात, महिन्यातून दोन रविवार. नंतर बारा आठवडे बंदिस्त ठेवायचं, जिना पूर्ण बंद.

"और एक बात," त्या म्हणाल्या. "जिनका एक घुटना जाता है, उनमें से बहुतों का दूसरा भी जाता है."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण आत घेतलं नाही. त्या दिवशी माझ्यात तेवढी जागा नव्हती.

घरात

श्रीकांतने त्याच संध्याकाळी कागदावर मध्ये उभी रेघ मारली. डावीकडे 'केलं तर', उजवीकडे 'नाही केलं तर'. अर्ध्या तासाने म्हणाले, "वंदना, गणित सरळ आहे. करून टाकू."

"तुमचं गणित तुमच्यापाशी ठेवा," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. पैशांचा प्रश्न नव्हता असं नाही, पण तो सुटण्यासारखा होता. माझं अडलं होतं ते वेगळंच.

दोन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. भाऊ पुण्याला. फोनवर म्हणाला, "तू तिथे आहेस, तू ठरव." डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करायला हवं. मी सही केली. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण नंतर छातीत कफ भरला आणि आठव्या दिवशी आई गेली. तेराव्याला भाऊ म्हणाला, "एवढी घाई कशाला केलीस?" एकदाच म्हणाला. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पण मला एकदा म्हटलेलं पुरलं.

हे मी श्रीकांतला सांगितलं नाही. त्यांना कळत असणार, पण आम्ही दोघांनी त्यावर बोलायचं टाळलं आणि बंडूवरून भांडत राहिलो. "त्याचं वय झालंय." "नऊ म्हणजे काय म्हातारा?" "त्याला विचारलंय का तुम्ही?" "मग तू विचारलंस का?" एकेका वाक्यानंतर दोन-दोन दिवस अबोला. डबा भरून ठेवायचा, चहा टेबलावर ठेवायचा, बोलायचं नाही. बंडू दोन खोल्यांच्या मधल्या उंबरठ्यावर पडून असायचा.

मुक्ता रोज फोन करायची. एका रविवारी तिने मला बोलतं केलं आणि मी म्हटलं, "भूल दिल्यावर उठलाच नाही तर? मग कोण जबाबदार?"

ती म्हणाली, "आई, आजीच्या वेळचं तू बंडूवर का काढतेस?"

मी फोन ठेवला. तिचा राग आला, कारण ती बरोबर बोलली होती.

चौदा तास

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी मी बंडूला खाली न्यायला पट्टा घेतला, तर तो उठला नाही. शेपूट हलवली, मान फिरवली. म्हटलं, झोप पुरी झाली नसेल. नऊला कामावर गेले. दुपारी जेवायच्या सुट्टीत आले, तेव्हाही उठला नाही. पाण्याचं भांडं भरलेलंच होतं. संध्याकाळी श्रीकांत घरी आले, त्यांनाही त्याने नकार दिला. तेव्हा मी दारात उभी राहून हिशेब केला. पहाटे श्रीकांतने खाली नेलं होतं, त्यानंतर बंडू लघवीला गेलाच नव्हता. चौदा तास झाले होते.

जिना नको म्हणून तो पाणीच पीत नव्हता.

मी त्याच्या पोटाखालून टॉवेल घातला आणि त्याला उभं केलं. दारापर्यंत आला. पहिल्या पायरीपाशी त्याचे पुढचे पाय थरथरायला लागले आणि तिथेच, आमच्या दारात, त्याची लघवी झाली. नऊ वर्षांत घरात कधी झाली नव्हती. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. कुत्र्यांना लाज वाटते की नाही यावर लोक वाद घालतात. मी तरी वाद घालणार नाही.

मी फडकं आणायला गेले, श्रीकांत त्याच्याजवळ बसले. फरशी पुसता पुसता मी म्हटलं, "अहो, इंदूरच्या डॉक्टरांशी मला बोलायचंय. ठरलं असं समजू नका. फक्त बोलायचंय."

प्रश्न

सर्जनचं नाव डॉ. पुराणिक. इंदूरचे मराठी, तिकडच्या धाटणीचं मराठी बोलणारे. डॉ. निगमनी रविवारी त्यांची गाठ घालून दिली. मी स्टोअर्सच्या एका रद्द झालेल्या मागणीपत्राच्या पाठीवर प्रश्न लिहून नेले होते.

पहिलाच प्रश्न वाचताना माझा आवाज बदलला. "तुमच्या हातून किती गेले?"

श्रीकांतने माझ्याकडे बघितलं. डॉक्टर रागावले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "दोन. एक टेबलावरच. एक चार दिवसांनी, इन्फेक्शनने. टेबलावर गेला त्याचं नाव राजा होतं. अजून याद आहे, ताई."

"याचं तसं होणार नाही कशावरून?"

"तसं सांगता येत नाही. रक्त तपासू, हृदय तपासू. काही निघालं तर मीच मागे हटेन. काही नाही निघालं तर धोका कमी, पण शून्य नाही."

"नाही केलं तर?"

"तर मरणार नाही तो. दुखत राहील, कधी कमी, कधी जास्त. सांधा झिजेल. सगळा भार डाव्या पायावर येईल."

मी एकेक विचारत गेले, ते एकेक सांगत गेले. शेवटी त्यांनी कागद बाजूला ठेवायला सांगितलं. "आता माझा एक प्रश्न. बारा आठवडे याला एकही उडी मारू न देता सांभाळाल? जिना नाही, दिवाण नाही, दाराची घंटी वाजली म्हणून धावणं नाही? खरं सांगा. नाही जमणार असेल तर मी करणार नाही. माझं काम दोन तासांचं आहे. बाकीचं सगळं तुमचं."

परतताना मी गाडीत रडले. श्रीकांतला वाटलं भीतीने. भीती होतीच, पण मला आठवत होतं की आईच्या वेळी मी एकच प्रश्न विचारला होता. कुठे सही करू?

घरी पोचल्यावर म्हटलं, "करू या. पण जिन्याचं काय?"

सिस्टर

आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये एलिम्मा सिस्टर राहतात. केरळच्या. टाउनशिपच्या हॉस्पिटलमध्ये वॉर्ड सिस्टर. बंडूच्या केसांवरून आमचं त्यांच्याशी कधीच पटलं नव्हतं. 'जिना सबका है' अशी हिंदीत लिहिलेली चिठ्ठी त्यांनी आमच्या दाराला दोनदा चिकटवली होती. बंडू समोर आला की त्या भिंतीला टेकून उभ्या राहायच्या.

ऑपरेशन ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बंडूला टॉवेलवर तोलून खाली नेत होतो. सिस्टर ड्युटीवर निघाल्या होत्या. थांबल्या.

"क्या हुआ इसको?"

मी सांगितलं. ऑपरेशनचं सांगितलं, बारा आठवड्यांचं सांगितलं.

"और ऊपर रखेगा? रोज पाँच बार उतारेगा-चढ़ाएगा? टाँका फटेगा." त्यांनी घड्याळात पाहिलं. "मेरा सामने का बरामदा बंद है. जाली है, पंखा है. इधर रखो."

"सिस्टर, आपको तो कुत्तों से..."

"डर लगता है, हाँ. इसलिए दरवाजे पर कुंडी लगेगा. मेरे साइड से." आणि छत्री उघडून त्या निघून गेल्या.

रविवार

रक्ताचा आणि हृदयाचा अहवाल चांगला आला. रविवारी सकाळी आठला आम्ही कोलार रोडला पोचलो. आदल्या संध्याकाळपासून बंडू उपाशी होता आणि श्रीकांतचे खिसे हुंगत होता.

फॉर्म समोर आला. श्रीकांत हळूच म्हणाले, "मी करतो सही."

"नको," मी म्हटलं. "मीच करते." आधी सगळा फॉर्म वाचला. दोन शब्द कळले नाहीत, ते विचारले. मग सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं, पण या वेळी मी कशावर सही केली हे मला ठाऊक होतं.

इंजेक्शन दिल्यावर बंडूचं डोकं माझ्या तळहातावर जड झालं. मग त्याला आत नेलं.

बाहेर बाकावर जुन्या भोपाळचे एक वयस्कर गृहस्थ टोपलीत मांजर घेऊन बसले होते. पांढरी मांजर, एक डोळा निळा. श्रीकांत चहा आणायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "कितने साल का है आपका?"

"नौ का."

"हमारी ये पंद्रह की है. हर बार सोचता हूँ, अबकी आखिरी बार लाया हूँ. हर बार घर ले जाता हूँ." त्यांनी टोपली माझ्या बाजूला सरकवली. "हाथ फेरिए. बुरा नहीं मानती."

मी अडीच तास त्या अनोळखी मांजरीच्या पाठीवर हात फिरवत बसले. त्यांची तपासणी कधीच झाली होती. ते माझ्यासाठी थांबले होते, हे मला ते गेल्यावर उमगलं.

साडेअकराला आतून रडण्याचा आवाज आला. लांबलचक, घोगरा. मी धावले. डॉ. निगम दारातच होत्या. "दर्द से नहीं रो रहा. नशा उतर रहा है, होश में आ रहा है. बैठ जाइए उसके पास." मी जमिनीवर बसले. बंडूला मी कोण ते कळत नव्हतं. वीस मिनिटं तो माझ्याकडे बघून रडत होता. ही वीस मिनिटं कोणी आधी सांगितली नव्हती, म्हणून मुद्दाम सांगते. ती जातात. मग त्याने माझं मनगट चाटलं.

बारा आठवडे

आमचा दिवस बंडूच्या वेळापत्रकाने चालू लागला. पहाटे श्रीकांत खाली सिस्टरच्या बरामद्यात जायचे. पोटाखाली टॉवेल, गळ्यात पट्टा, पाच मिनिटं अंगणात, की परत. गुडघ्याला बर्फ. गोळ्या गुळात. साडेबाराला मी कारखान्यातून स्कूटरने यायचे, पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा बर्फ. संध्याकाळी बरामद्यात चटई टाकून आम्ही दोघं बसायचो. श्रीकांत तिथेच पेपर तपासायचे. गेल्या कित्येक वर्षांत आम्ही रोज इतका वेळ एका ठिकाणी बसलो नव्हतो. आईबद्दल, तेराव्याबद्दल, भावाच्या वाक्याबद्दल मी त्यांना तिथेच सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटायचं तू आपणहून सांगेपर्यंत विचारू नये. चुकलंच माझं."

नवव्या दिवशी मी चूक केली. टाके चाटू नये म्हणून त्याच्या गळ्यात प्लॅस्टिकचं ते बादलीसारखं असतं. त्यामुळे तो दाराला धडकायचा, पाणी पिताना भांडं उलटायचं. मला दया आली. अर्धा तास मोकळं करावं म्हणून बादली काढली आणि तिथेच बसून राहिले. मुक्ताचा फोन आला, बोलायला अंगणात गेले. दहा मिनिटं. परत आले तर त्याने दोन टाके सोडवले होते. त्यानंतर तिसऱ्या दिवशी जखम लाल झाली, पाणी सुटलं. चार दिवसांनी इन्फेक्शनने गेलेल्या त्या कुत्र्याची गोष्ट माझ्या डोक्यातून हलेना.

डॉ. निगमनी औषध बदललं, ड्रेसिंग रोज करायला सांगितलं. पहिल्या ड्रेसिंगला माझे हात चालेनात. आतल्या दाराची कुंडी वाजली आणि सिस्टर बाहेर आल्या. हातमोजे घातलेले.

"पकड़ो सिर उसका. टाइट." बंडूपासून हातभर अंतरावर त्या थांबल्या, एक श्वास घेतला आणि गुडघ्यावर बसल्या. हात मात्र जराही थरथरले नाहीत. ड्रेसिंग झाल्यावर मला म्हणाल्या, "दया करना है तो बाद में करो. अभी काम करो."

"सिस्टर, मेरे ही हाथ से होता है सब," मी म्हटलं. "अम्मा का भी..."

त्या हातमोजे काढत होत्या. थांबल्या. आई त्यांच्याच वॉर्डात होती, हे मला माहीत होतं, पण आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो.

"तुम्हारी अम्मा ऑपरेशन के पहले चादर बदलने पर चिल्लाती थी. याद है?" त्या म्हणाल्या. "बाद में नहीं चिल्लाई. आठ दिन मेरे से चाय माँगती थी, शक्कर ज्यादा. मैं देती थी, छुपा के. वो बिना ऑपरेशन के भी जाती, वंदना. इतना उमर में बिस्तर पे पड़ा आदमी जाता है. पर चिल्ला-चिल्ला के जाती."

आईने कोणाकडे चहा मागितला होता, जास्त साखर घालून, हे मला ठाऊकच नव्हतं. मी बंडूचं डोकं मांडीवर घेऊन रडत राहिले. सिस्टर उठल्या, आत गेल्या आणि कुंडी लावली.

जखम बरी व्हायला तीन आठवडे जास्त लागले. सोळाव्या आठवड्याच्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं. पट्ट्याशिवाय पहिल्यांदा चालला तेव्हा बंडूने धाव वगैरे काही घेतली नाही. गुलमोहराखाली गेला, उजवा पाय टेकवून उभा राहिला आणि डावा वर करून लघवी केली. श्रीकांत टाळ्या वाजवत होते. सिस्टर खिडकीत होत्या.

डावा पाय

गोष्ट इथे संपली असती तर लिहायला सोपी झाली असती. पहिल्या दुखापतीनंतर सव्वा वर्षाने, मे महिन्यात, जमिनीवरून उठताना बंडूने डावा पाय वर घेतला. या वेळी मला कोणी खण सरकवून दाखवायची गरज नव्हती.

तो साडेदहा वर्षांचा झाला होता. तपासणीत हृदयाच्या ठोक्यांत आवाज निघाला. डॉ. पुराणिक म्हणाले, "करता येईल. धोका मागच्यापेक्षा जास्त आहे. मी तुम्हाला करा पण म्हणणार नाही, नको पण म्हणणार नाही."

या वेळीही श्रीकांत करू म्हणत होते, कारण पहिलं चांगलं झालं होतं, आणि मी पुन्हा नको म्हणत होते. पण या वेळी आम्ही भांडलो नाही. मुक्ता चार दिवस रजा घेऊन आली. तिघं जमिनीवर बसलो, बंडू मध्ये. मी म्हटलं, "बारा आठवडे म्हणजे त्याच्या उरलेल्या दिवसांतले किती, ते बघा. ते तो कोंडून काढणार, आणि तेही भूल सोसली तर. मागच्या वेळी तो जिना उतरायला घाबरत होता. आपण जिनाच काढून टाकू."

श्रीकांत बराच वेळ त्याच्या कानामागे खाजवत होते. "बरं," म्हणाले.

मुक्ता म्हणाली, "आई, मागच्या वेळी मी फोनवर जे बोलले ते..."

"बरोबरच बोलली होतीस," मी म्हटलं. "फक्त तेव्हा ऐकवलं नाही मला."

तळमजल्याच्या क्वार्टरसाठी मी अर्ज दिला. सात महिन्यांनी मागच्याच गल्लीत मिळालं. तोवर बंडू पुन्हा सिस्टरच्या बरामद्यात. कुंडी होती, पण लावलेली मला दिसली नाही. फरशीवर रबरी चटया टाकल्या. वजन सहा किलो उतरवलं. ते कसं, तर पोळीचा तुकडा बंद आणि उकडलेला दुधी सुरू. त्याने महिनाभर आमच्याशी अबोला धरला. गोळ्या रोजच्या. फिरणं दिवसातून तीनदा, दोन गल्ल्या आणि परत.

आता तो साडेअकराचा आहे. डावा पाय थोडा बाहेर फेकून चालतो. थंडीत काही सकाळी उठत नाही. मग आम्ही गरम पाण्याची पिशवी देतो आणि वाट बघतो.

मागच्या महिन्यात डॉ. निगमनी एका बाईंना माझ्याकडे पाठवलं. आनंद नगरच्या, शाळेत शिक्षिका. त्यांची जर्मन शेफर्ड कुत्री चार वर्षांची, तोच गुडघा. बाई डोळे सुजवून आल्या होत्या. चहाला हात न लावता म्हणाल्या, "आप मेरी जगह होतीं तो क्या करतीं?"

"मैंने एक बार करवाया, एक बार नहीं करवाया," मी म्हटलं.

"पछतावा हुआ?"

"दोनों बार. करवाया तब, जब टाँके खुल गए. नहीं करवाया उसका आज भी होता है, जिस सुबह ये नहीं उठता."

"फिर? क्या करती हैं आप?"

"फिर इसको उठाती हूँ, नाश्ता देती हूँ."

त्या पहिल्यांदा बंडूकडे नीट बघू लागल्या. तो खिडकीपाशी आडवा पसरला होता, चारी पाय एका बाजूला. मग त्यांनी पिशवीतून एक्स-रे काढला. मी खिडकीचा पडदा सरकवला, आणि बंडूला न उठवता त्याच्या अंगावरून वाकून आम्ही दोघींनी तो उजेडात धरला.